आयांची अदलाबदल

भांडण झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि शिवणयंत्राच्या टेबलाखाली बसून चिंध्यांची बाहुली करत होती. तिथून नुसते पाय दिसत होते, आईचे आणि थोरल्या मामाचे. मामाचे जोडे चिखलाने भरलेले होते, म्हणजे पायपुसण्यावर न थांबता तो तसाच आत आला होता. त्यावरूनच तिने ओळखलं की आज काही चहा होत नाही.

"आपण पाच भावंडं," मामा म्हणत होता. "आई प्रत्येकाकडे अडीच अडीच महिने राहील. यात कोणावर अन्याय झाला ते सांग."

"अडीच पंचे साडेबारा, दादा."

"मग?"

"मग वर्ष साडेबारा महिन्यांचं कुठून आणलंस? मी शिवणकाम करते. कापडापेक्षा माप मोठं घेतलं की काय होतं ते मला विचार."

"जिभेला फार धार आलीय तुझ्या. मग ठेव ना तू बारा महिने!"

"ठेवते. मी एकटी पुरेन."

"बघू हं, किती पुरतेस ते."

जोडे गेले. फरशीवर चिखल राहिला, तो आईने पुसला. दुसऱ्या दिवशी आजी एक पेटी आणि एक उशी घेऊन आली आणि पुढची आठ वर्षं शिवणयंत्राच्या शेजारी पडून सुईत दोरा ओवून देत राहिली. मामा काही फिरकला नाही. आईनेही कधी त्याचं नाव काढलं नाही. भांडण संपलं म्हणावं तर तसंही नाही. ते नुसतं जुनं झालं.

आता वाटतं, एका म्हातारीवरून पाच जण भांडले, कारण भांडायला पाच जण होते. आईला पुढे ही एकच मुलगी. या मुलीला एकच मुलगा, आणि तो इतक्या लांबच्या देशात की इथे आपण जेवायला बसलो की तिथे त्याची झोप मोडायची. रविवारी फोन करतो बिचारा. "आजी कशी आहे?" म्हणतो. "आहे," म्हटलं की पुढे हवेपाण्याचं बोलतो. त्याने तरी काय करावं!

तर ही मुलगी मोठी झाली, विधवा झाली, आणि आपल्याच आईच्या घरी येऊन राहिली. शाळेत पोरांना जेवण वाढायचं काम तिला होतं. आधी शाळेत पोरं मावत नव्हती. मग मावायला लागली. मग एका बाकावर एक, आणि शेवटी एका वर्गात सहा. शाळा बंद झाली आणि त्याच इमारतीत म्हाताऱ्यांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्यांची कचेरी आली. फळा तोच. पूर्वी त्याच्यावर पोरांची नावं असायची, आता आजोबा-आज्यांची असतात. एखादं नाव पुसलं की खाली दोन नवी येतात. तिनेही डाव टाकून ॲप्रन घातला. पोटाला काम पाहिजे, मग वाढायचं कोणाला हे कोण बघतं!

अंघोळी घालून मनगट सारखं ओलं व्हायचं, म्हणून घड्याळ ती छातीवर पिनेने लावायची. त्यावरून घरोघरच्या म्हाताऱ्यांनी तिचं नाव घड्याळबाई ठेवलं, आणि तेच पडलं.

काम असं. एका घरी अर्धा तास. त्यात अंघोळ पंधरा मिनिटं, औषधं पाच, खाणं दहा. प्रत्येक घरी दारामागे एक कार्ड लटकवलेलं. आल्यावर सही आणि वेळ, जाताना सही आणि वेळ. अंघोळीला रकाना होता, औषधाला होता, शौचालाही होता. गप्पांना रकाना नव्हता. मग गप्पा पाठीला साबण लावता लावता उरकायच्या.

कचेरीत बायका सहा, आणि फळ्यावर नावं पंचेचाळीस. सहांतली सगळ्यांत तरुण अठ्ठावन्न वर्षांची. तिला बाकीच्या "ए पोरी" म्हणायच्या. या सहांत एक होती ताडमाड. दारातून वाकून आत यायची एवढी उंच, आणि तोंड असं चालायचं की ऐकणाऱ्याच्या जबड्याला दम लागावा.

"पूर्वी म्हणायचे, आजा मेला नातू झाला, घरात माणसं तेवढीच," ती एकदा कार्डांचा गठ्ठा आपटत म्हणाली होती. "आता आजा मरत नाही आणि नातू होत नाही. माणसं तेवढीच, फक्त सगळ्यांना एकदमच अंघोळ घालायची."

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. घड्याळबाईच्या आईचंही नाव त्या फळ्यावर होतं. कंबर गेलेली, धड उभं राहता येत नाही. पण नियम असा की रक्ताच्या माणसाची पगारी देखभाल करायची नाही. कुठल्याशा पठ्ठ्याने वारलेल्या बापाला कागदावर चौदा महिने अंघोळ घातली होती म्हणे. तेव्हापासून सगळ्यांना एकाच दोरीने बांधलं. आपल्या आईला आपण न्हाऊ घालायचं तर पगार बुडवून, आणि पगार बुडवला तर दोघींनी खायचं काय?

ताडमाडचंही तेच दुखणं. तिची आई जुन्या काळची मास्तरीण, सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणायचे. अंगाने बरी होती, पण डोक्याने शाळेतच राहिलेली.

"हे बघ," ताडमाड एक दिवस म्हणाली, "तुझी मी घेते, माझी तू घे. कागदाला रक्त दिसत नाही, नाव दिसतं."

मग तसंच झालं. रोज सकाळी नऊला घड्याळबाई ताडमाडच्या आईला अंघोळ घालायची आणि त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ताडमाड घड्याळबाईच्या आईला. साडेनऊला दोघी निघायच्या आणि मधल्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोर, एकमेकींना गाठायच्या. दोन मिनिटं. त्यात आयांची देवाणघेवाण.

"तुझीने खाल्लं. पण तोंड वाकडं करून."

"तुझीने मला बाराचा पाढा विचारला. चुकले. म्हणाली, उठाबशा काढ."

"काढल्यास?"

"गुडघे दाखवले. तर म्हणते, उद्या पालकांना घेऊन ये."

"सांगायचं ना, पालक उंच बाईच्या ताब्यात आहेत म्हणून!"

दुकानदार काउंटरवरून बघत बसायचा. या दोन बायका रोज काय एवढं हसतात ते त्याला कळायचं नाही.

असं पाच वर्षं चाललं. पाच वर्षांत घड्याळबाईला मास्तरीणबाईच्या पाठीवरची प्रत्येक सुरकुती पाठ झाली. आपल्या आईच्या पाठीवर डाव्या बाजूला तीळ वाढलाय, हे मात्र तिला कोपऱ्यावर उभं राहून ताडमाडकडून कळलं. सकाळी आठला ती बाहेर पडायची तेव्हा आई झोपलेली, आणि संध्याकाळी सहाला आत यायची तेव्हा आई पेंगत असायची. ती झोपायच्या आधीच्या अर्ध्या तासात पातळ काहीतरी भरवायचं, उशी सारखी करायची. झालं.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "बाई, माझी मुलगी येऊन गेली सकाळी."

घड्याळबाई ॲप्रन काढत होती. "हो का?"

"उंच झालीय आता. दाराला डोकं लागतं तिचं."

"चांगलंय की."

"हात मऊ आहे तिचा. तुम्ही पण बऱ्या आहात. पण तुम्हाला घाई असते."

घड्याळबाईने पातेलं चुलीवर ठेवलं आणि दूध वर येईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. रडू वगैरे आलं नाही. दिवसातून आठ घरी आठ प्रकारचं ऐकलं की कान ऐकतात आणि आत काही पोचत नाही. टपालपेटीला कुलूप लावावं तसं.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र तिच्या मनाने धरली. फार नाही. सकाळची नऊची अंघोळ आईला आपल्या हाताने, घड्याळाकडे न बघता. पाणी गार झालं तर दुसरं तापवायचं. बस. त्यासाठी कामातून सुटायला हवं होतं.

आणि सुटायचं वय तर मांजरासारखं. धरायला गेलं की चार पावलं पुढे जाऊन बसायचं. आधी ते साठ होतं. ही एकोणसाठची झाली, तेव्हा बासष्ट केलं. ही एकसष्टची झाली, तर पासष्ट. ती कचेरीत विचारायला गेली. तिथली साहेबीण तिच्या मुलाच्या वयाची, वागायला गोड.

"काकू, असं बघा," साहेबिणीने कागदावर माणसं काढून दाखवली. "पूर्वी एका म्हाताऱ्या माणसामागे पाच कमावते होते. आता दोन आहेत. त्या दोघांनी लवकर घरी बसून कसं चालेल?"

"त्या दोघांतली एक मीच ना?"

"हो."

"आणि चार वर्षांनी त्या दोघांच्या डोक्यावर बसणारी म्हातारी पण मीच?"

साहेबीण हसली आणि तिने कागद बाजूला सारला. "मी नियम करत नाही हो, काकू. मी नुसती वाचून दाखवते." मग जरा वेळाने, "एक कलम आहे. घरात नव्वद पुरी झालेलं, अंथरुणावरचं माणूस असेल आणि बघायला दुसरं कोणी नसेल, तर दोन वर्षं आधी सोडतात. आई किती वर्षांच्या?"

"सत्त्याऐंशी."

"मग थांबा."

ती थांबली. दुसरं करण्यासारखं काय होतं! लोक मुलांची वयं मोजतात, ही आईचं वय मोजायला लागली. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. थंडीत आईला खोकला झाला की ही कोपऱ्यावर पोचायच्या आधीच ताडमाड लांबून हात हलवायची, बरी आहे, बरी आहे. स्वतःची त्रेसष्ट पुरी झाली ते हिच्या ध्यानातही राहिलं नाही. आणि एकदाची आईला नव्वद पुरी झाली. दुसऱ्याच दिवशी घड्याळबाईने अर्ज दिला. साहेबिणीने वाचला, शिक्का मारला, म्हणाली, "महिनाभरात होईल. कार्डं तेवढी तपासतील, ती काय नेहमीची पद्धत."

कार्डं तपासली, आणि त्यात ते सापडलं.

मागल्याच महिन्यातली एक संध्याकाळ. आईने अंथरूण ओलं केलं होतं. घड्याळबाईने तिला पुसलं, कपडे बदलले, गोळी दिली, दोन घास भरवले. दिवसातलं नववं अंग पुसत होती ती. मग हात धुऊन नेहमीसारखी दाराकडे गेली, कार्ड काढलं, अंघोळ, औषध, खाणं अशा तीनही रकान्यांत खुणा केल्या, सही केली, वेळ घातली, सहा वाजून चाळीस मिनिटं. आणि पायांत चपला घालून बाहेर पडली. पाच-सात घरं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढे कुठलंच घर नाही. आता जायचं ते आपल्याच घरी. ती परत फिरली. चपलांचं हसू आलं तिला. पण सहीचं डोक्यात आलंच नाही.

"रक्ताच्या नात्यातल्या माणसाची सही," साहेबीण कार्ड पुढे सरकवत म्हणाली. "पगारी भेट म्हणून. काकू, हे काय केलंत?"

"हाताने केलं. मी नव्हते."

"मला पटतंय. पण आता चौकशी समिती बसणार. तोवर अर्ज अडकला."

"कधी बसणार समिती?"

"दोन महिन्यांनी एकदा बसते. परवाच उठली."

ताडमाडने कोपऱ्यावर तिला चांगलीच झाडली. "अगं, जगाच्या सह्या चुकतात त्या पैसे खायला. तू फुकटचं काम करून चोर ठरलीस! आपल्या आईला पुसलं याचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहून दिलास! अशी कशी गं तू?"

"बघ ना."

"बघ ना काय बघ ना! ओरड तरी माझ्यावर."

"तुझीने आज खाल्लं नीट. अर्धी भाकरी," घड्याळबाई म्हणाली आणि पुढच्या घराला निघाली.

समिती आठ आठवड्यांनी बसली. तिघं जण होते. घड्याळबाईला त्यांनी विचारलं, असं तुम्ही नेहमी करता का. ती म्हणाली, पुसते नेहमी, सही एकदाच केली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठराव झाला की सवयीने झालेली चूक, लबाडी नव्हे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुटका मंजूर. त्या दिवशी सतरा तारीख होती. घरी येताना तिने एक मोठा मऊ टॉवेल घेतला. फिका पिवळा.

चोवीस तारखेला साडेनऊला ती कोपऱ्यावर आली. ताडमाड आधीच उभी होती. हात हलवला नाही तिने. ती बोलत नाही म्हटल्यावर दुकानदारही काउंटरमागे उठून उभा राहिला.

"अंघोळ झाली होती," ताडमाड म्हणाली. "केसही विंचरून झाले होते. वेणी घालत होते मी. तेवढ्यात गेली गं. वेणी हातातच होती माझ्या."

"काही म्हणाली?"

"पाणी जरा जास्त गरम आहे म्हणाली."

"होतं?"

"नव्हतं. मी कोपर बुडवून बघितलं होतं. आपण बघतो तसंच."

"नसेलच."

मग तोंडातल्या सवयीने ताडमाड म्हणून गेली, "माझी?" आणि तिने ओठ चावला.

"खाल्लं. पाढा नाही विचारला आज."

"तू घरी जा. तुझं दहाचं घर मी करते."

"दहाचं वाटेतच आहे. करून जाते. तू तिच्यापाशी बस."

"अगं, आई आहे तुझी..."

"ती आता वाट नाही बघत. दहाचे आजोबा बघत असतील, टॉवेल गुंडाळून."

आणि ती गेली. दहाच्या घरी तिने अंघोळ घातली, गोळ्या दिल्या, मऊ भात भरवला. अर्ध्या तासाला दोन मिनिटं कमीच लागली. आजोबांना काही कळलं नाही. कळण्यासारखं तिने काही केलंच नाही. मग ती घरी आली. आईची वेणी अर्धी होती. ती तिने पुरी केली.

आठवड्याने साहेबीण स्वतः घरी आली. हातात पाकीट. बसली, उठली, परत बसली.

"काकू, मला हे द्यायला लाज वाटतेय."

"द्या. तुम्ही नुसत्या वाचून दाखवता."

पत्रात लिहिलं होतं की ज्या कारणासाठी मुदतपूर्व सुटका मंजूर झाली होती ते कारण उरलं नसल्याने मंजुरी रद्द करण्यात येत आहे, आणि कर्मचाऱ्याने पासष्ट पुरी होईपर्यंत कामावर राहावं. खाली दुःखात सहभागी असल्याची एक ओळ होती. टंकलेल्या पत्रात ती तेवढी शाईने लिहिलेली. बहुधा साहेबिणीनेच.

"नवीन तर कोणी मिळतच नाही," साहेबीण म्हणाली. "जाहिरात देऊन चार महिने झाले. आलेली एकटी बाई एकसष्टची."

"घ्या तिला. तरुण आहे," घड्याळबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढे एक वर्ष आणि सात महिने ती कामावर गेली. मास्तरीणबाईंची नऊची अंघोळ तिच्याकडेच राहिली. ताडमाडला मात्र नऊ वाजताचं दुसरंच घर मिळालं, पुलापलीकडचं, त्यामुळे कोपऱ्यावरची भेट बंद झाली. आईची खबर आता ती फोनवर विचारायची. फोनवर हसणं तसं होत नाही. पिवळा टॉवेल घड्याळबाईने घरातच वापरायला काढला, कारण ठेवून तरी कोणासाठी ठेवायचा, आणि धुवून धुवून तो इतर टॉवेलांसारखा झाला.

कोणी विचारलं, आई गेल्याचं दुःख कसं आहे, तर ती म्हणायची, "आहे." मुलगा फोनवर म्हणायचा, आई, तू इकडे ये. ती म्हणायची, बघू. आणि तोही मग हवेपाण्याचं बोलायचा.

पासष्ट पुरी झाल्यावर कामाचा शेवटचा दिवस गुरुवारी आला. वय आणखी पुढे नेणार अशी बोलणी चालली होती, पण ती तिच्यापर्यंत पोचायच्या आधी ती सुटली. सकाळी कचेरीत सगळ्यांनी केक कापला. तिला एक तुकडा उभ्या उभ्या मिळाला, कारण नऊची वेळ झाली होती.

शेवटचं घर चारचं, कंडक्टरचं. म्हाताऱ्याने अडतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. दोन्ही डोळ्यांत पडदे, तरी दार वाजलं की अजून म्हणतो, "पुढे सरका, पुढे जागा आहे." जाताना औषधाच्या दुकानातून तिने त्याचे डोळ्यांचे थेंब घेतले. बाटलीवरची तारीख बघितली. पायऱ्या चढली.

"पुढे सरका."

"सरकले. मान मागे टाका."

थेंब घातले. उजव्या डोळ्यात दोन, डाव्यात एक. गुरुवार म्हणजे नखं. पायाची नखं जाड, म्हणून आधी कोमट पाण्यात पाय सोडून ठेवले, मग कापली. करंगळीचं नख आत वळलेलं, ते हळूच. तो भाडेवाढीच्या वर्षी झालेल्या मारामारीची गोष्ट सांगत होता. ही तिने बरेचदा ऐकली होती. जिथे हुंकार द्यायचा तिथे दिला.

"उद्या येताना ते टाचेचं मलम आण," तो म्हणाला. "संपलंय."

"उद्या दुसरी येईल. सांगते तिला."

"तू कुठे निघालीस?"

"घरी."

"बरं. खिडकी अर्धीच लाव. पूर्ण लावली की जीव घुसमटतो माझा."

तिने खिडकी अर्धी लावली. पायांचं पाणी मोरीत ओतलं, टब पालथा घातला. नखं कागदात गोळा करून कचऱ्यात टाकली. कचऱ्याची पिशवी गाठ मारून उचलली आणि खाली नेली.